माझी कबर आणि झिलोलाचा रियाज

...नाही, पण माणसानं आता रस्त्यानं चालायचं की नाही, तेवढं तरी सांगा! कोपऱ्यावर पोचतोय न पोचतोय, तोच समोरून एर्गाश. एर्गाश म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या कबरी खणतो तो. थांबतो, छातीवर हात ठेवून वाकतो आणि विचारतो, "तोजिबोय आका, तब्येत कशी आहे?" तुम्ही म्हणाल, ह्यात वाईट काय? अहो, विचारणारा कोण ते बघा ना! नानवाल्यानं तब्येत विचारली तर ती चौकशी, एर्गाशनं विचारली तर तो धंदा! वर माझ्या डोक्यापासून बुटांपर्यंत अशी एक नजर फिरवतो... मी उभा जन्म लोकांच्या हजामती केल्या, माप घेणारी नजर मला ओळखू येते. आणि जाता जाता हळूच म्हणतो, "सावकाश, आका. घाई नाही. फळ्या टाकून झाकून ठेवलीय."

काय झाकून ठेवलीय? माझी कबर!

हसू नका. मी इथं तुमच्यासमोर धडधाकट बसलोय, नान मोडून खातोय, आणि तिकडे कब्रस्तानात तुतीखाली माझी कबर खणून तयार! आणि कशामुळं? युद्धामुळं? रोगामुळं? नातीच्या रियाजामुळं हो! दहा वर्षांची पोर, तिनं रोज दुतार, आमचं ते दोन तारांचं वाद्य, वाजवावा म्हणून आम्ही जे जे केलं, त्याचा शेवट एर्गाशच्या फावड्यापाशी झाला.

पहिल्यापासून सांगतो. माझा मुलगा रशियात ट्रक चालवतो. सूनबाई मुकद्दस इथं मर्गिलानातच रेशमाच्या कारखान्यात. त्यामुळं झिलोला शाळेतून आली की माझ्या गळ्यात. आणि भिंतीवर माझ्या बायकोचा दुतार. मोहिदिल, अल्ला तिला जन्नतीत जागा देवो... मी दुकानातून आलो की ती चहा ठेवायची आणि चहा होईस्तोवर दुतार घेऊन बसायची. मग एका पानगळीत तिचा हात जड पडला, दुतार खिळ्याला टांगला, आणि पानं पुरती गळायच्या आत तीच गेली. त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. एक दिवस ही पोर म्हणते, "बोबो," म्हणजे आजोबा, "मी शिकू?" मी काय म्हणणार? घातलं संगीतशाळेत नाव! पहिला आठवडा काय तो उत्साह! दुतार उशाशी घेऊन झोपायची. दुसऱ्या आठवड्यात दुतार परत खिळ्यावर. आणि मग आल्या सालोमतबाई.

सालोमतबाई म्हणजे झिलोलाच्या दुतारच्या शिक्षिका. कधी आल्या कळलंच नाही. फाटक वाजलं नाही, कुत्रं भुंकलं नाही, मान वर केली तर समोर बाई, काळा पोशाख, हात एकावर एक. ओरडणारा मास्तर परवडला हो, तो ओरडून मोकळा होतो. ह्या ओरडतच नाहीत. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला, बोटांची टोकं दाबून बघितली, एकेक, आणि डॉक्टर जसं बातमी नातेवाइकांना देतात तशा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मऊ आहेत."

मी म्हटलं, "लहान आहे हो अजून..."

"रियाज नाही. सुटीच्या दिवशी बसवून हात मोडेपर्यंत वाजवून घेता ना? त्यानं काही होत नाही, तोजिबोय आका. थोडं. पण रोज."

"रोज म्हणजे... ईदचा दिवस सोडून?"

"रोज."

"आणि ताप-बिप आला तर?"

नुसतं बघितलं माझ्याकडे. मी चहात खडीसाखर टाकली, ती सुद्धा आवाज न करता. मग म्हणाल्या, "वसंतात परीक्षा आहे. तेव्हाही बोटं मऊ असली, तर नाव कमी करावं लागेल. आणि सवय एकटी उभी राहत नाही. तिला कशाला तरी बांधावं लागतं. ह्या घरात रोज न चुकता घडतं असं काय आहे?"

आणि आमच्या सूनबाई, लगेच, "बाबांचा चहा!"

झालं! बांधली सवय माझ्या पायाला. मी दुपार कलल्यावर अंगणातल्या तक्तपोसावर, म्हणजे बसायच्या लाकडी चौथऱ्यावर, चहाला बसायचं, पोरीनं समोर बसून वाजवायचं, चहा संपला की रियाज संपला. ऐकायला किती सोपं! पण पोरगी कोणाची? आता आमच्याकडे चहा कसा ओततात? पियाल्याच्या तळाशी घोटभर. परत मागा, परत घोटभर. त्यात मान असतो. काठोकाठ भरलेला पियाला पुढं केला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा! तर ही पोर रोज मला काठोकाठ पियाला भरून देणार, सख्ख्या आजोबाला, आणि एकदा टिंग, एकदा टांग... "बोबो, प्यायलात? संपला? जाऊ?" जीभ भाजली माझी! आणि कारणं तरी काय एकेक. बोट दुखतंय. तार झोपलीय. दुतारला सर्दी झालीय, आवाज बघा कसा येतोय! मी आपला म्हणतोय, "थोडं, बाळा. थोडं, पण रोज!" कोण ऐकतंय!

आणि मग आली आपा.

खोसियत आपा, माझी थोरली बहीण. आपाला स्वप्नं पडतात. आपल्याला पडतात तशी नव्हे, घोड्यावरून पडल्याची वगैरे नव्हे... बातम्या पडतात तिला! एका दुपारी आली, शाल काढली नाही, चहाला हात लावला नाही, भिंतीवरच्या दुतारकडे बघत बसली. मग म्हणाली, "मोहिदिल आली होती."

मी म्हटलं, "बरी आहे ना?"

"अंथरूण घालत होती. स्वतःचं घातलं. मग शेजारी आणखी एक घातलं. उशीवर थापटलं, असं, आणि मला विचारलं, तोजिबोय कुठाय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला काय ठाऊक. तेवढंच तुझं नशीब."

मी हसलो. वरवर हसलो बरं का. पण खरा घोळ पुढं झाला. आपा उठली, झिलोलाला घेऊन परसात गेली आणि तिच्या कानाशी लागून कुजबुज कुजबुज. काय बोलली, मला फार पुढं कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. म्हणाली, "ह्या घरात दुतार थांबला की माणूस जातं. तुझ्या आजीचा थांबला, काय झालं बघितलंस ना? आता ती तुझ्या बोबोला न्यायला टपलीय. पण तू रोज वाजवत राहिलीस, तर दुतार चालू आहे असं बघून परत जाईल. एक दिवस चुकलीस की..." आणि गप्प बसली. आपाला कुठं गप्प बसायचं ते बरोबर कळतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तक्तपोसावर टेकतोय, तर दुतार आधीच पोरीच्या मांडीवर! पियाला पुढं आला. बघतो तर तळाशी घोटभर. प्यायलो. परत घोटभर. परत. वाजवायची, थांबून ओतायची, परत वाजवायची. किटली संपली तर म्हणते, "बोबो, दुसरी करू?" आणि सगळा वेळ, तुम्हाला सांगतो, सगळा वेळ डोळे माझ्यावर! तारांवर नाही, बोटांवर नाही, माझ्यावर. चुलीवर दूध ठेवून बघत बसतात ना, तशी. मी घोट घेतला की ती श्वास सोडणार. मला ठसका लागला, तर तिचा रंग उडाला आणि हात चालला दुप्पट वेगानं.

मी काय समजणार? मी खूश! नानवाल्याला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, अर्ध्या दाढीत थांबून सांगितलं, "नातीला सवय लागली!" सालोमतबाई आल्या, बोटं दाबली, म्हणाल्या, "घट्ट होतायत." त्यांच्याकडे ह्याच्यापुढं कौतुक नाही. ईदला वाजवलं. अंगात ताप असताना रजई पांघरून वाजवलं, दात वाजतायत, तार वाजतीय, आणि सूनबाई मला म्हणतायत, "बाबा, मला पोरीची भीती वाटायला लागलीय." पुतण्याच्या लग्नात, अहो पुतण्याच्या लग्नात, कढईचं झाकण आत्ता निघतंय, गाजर-मटणाचा तो वास, मी हात धुऊन बसलोय, आणि ही बाही ओढतीय, "बोबो, घरी चला. वेळ झाली." मी म्हटलं, "पुलाव तरी खाऊ दे!" तर ओठ काढला, डोळे भरले. आलो घरी उपाशी! लोक म्हणतात, "काय शिस्त!" मी म्हणतो, "होय... शिस्त." पण उलटी मोजणी चालल्यासारखं वाटायला लागलं होतं मला, कशाची ते कळत नव्हतं.

आणि वाजवायचं तरी काय? परीक्षेचा तुकडा. एकच! संथ, रडका, मध्ये असा थांबणारा की वाटावं, संपला... आणि परत सुरू. रोज त्याच वेळेला तोच तुकडा म्हटल्यावर सगळा मोहल्ला त्याच्यावर चालायला लागला. तुकडा सुरू झाला की नानवाला तंदूर पेटवणार. समोरच्या घरातला मामासोली, आमच्या मोहल्ल्याचा पुढारी, लग्न असो मयत असो सगळ्यात पुढं तोच, तो त्या तुकड्यावर रक्तदाबाची गोळी घेणार. बायका म्हणणार, झिलोला बसली, चला दूध काढू. बघा, सवय अशी असते. एकाला लावायला जावं आणि गल्लीला लागते.

आणि मग तार तुटली.

त्या दिवशी काय काय जुळून यावं! बागेसाठी खताची गाडी यायची होती, म्हणून फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी. बाकांना रंग द्यायचा होता, म्हणून मी दोन्ही बाक बाहेर रस्त्याला लावून ठेवलेले. आणि मी ओसरीवर आरशासमोर, तोंडभर फेस लावून, माझी स्वतःची दाढी करायला बसलेलो. किटली उकळतीय. झिलोला खुंटी पिळून सूर लावतीय. रेशमी तार, सालोमतबाईंना नायलॉन चालत नाही. खुंटी पिळली, आणखी पिळली... तट्!

आणि मग ती किंकाळी. "बोबो! बोबोजान! जाऊ नका! बोबोजान!"

आता तुम्ही मामासोलीच्या जागी बसा. हातात गोळी, तोंड उघडं, तुकड्याची वाट बघताय. तुकडा नाही. आणि आमच्याकडे मयत झालं की सगळ्यात आधी काय बंद होतं? वाद्य! तुम्ही खिडकीतून बघता, तर समोर फाटक सताड उघडं. मयताच्या घराचंच असतं तसं. बाहेर बाक मांडलेले, समाचाराला येणाऱ्यांना बसायला मांडतात तसे. आणि आतून पोर आजोबांच्या नावानं हंबरडा फोडतीय! आता सांगा, काय समजाल? मी त्याला दोष देत नाही. मीसुद्धा टोपी घालून निघालो असतो.

इकडे पोरीनं माझ्या कमरेला मिठी मारलेली, सुटता सुटेना. "अगं, तार आहे, दुसरी लावू!" तर हुंदके देत सगळं बाहेर पडलं, आपा काय म्हणाली, आजी कशी टपलीय, सगळं. आणि काय म्हणते? "बोबो, मी जोरात नाही पिळली. आपोआप तुटली. आजीला सांगा ना, आपोआप तुटली! तुम्हाला नेऊ नको म्हणावं..."

म्हणजे एवढे दिवस ही पोर रियाज करत नव्हती, रोज मला मरणाच्या दारातून ओढून आणत होती! तापात, ईदला, लग्नातनं उठून! आणि मी मूर्ख गिऱ्हाइकांना कौतुक सांगत होतो. मला रडूच फुटलं. फेसावरून ओघळ चालले.

तेवढ्यात बाहेर पायांचा आवाज. बरेच पाय, पण हळू. खाकरणं. आणि मामासोलीचा तो खास मयतातला आवाज, "चांगला माणूस होता हो तोजिबोय. हात जरा जड होता, माझा हा कान दोनदा कापला त्यानं... पण मनानं साफ."

नानवाला म्हणतो, "मीठ घेऊन गेला की परत द्यायचा नाही."

"जाऊ दे आता. माफ कर त्याला."

"केलं. मीठ माफ."

आता मात्र मी उठलो! पोरगी कमरेला तशीच, तोंडावर पांढराशुभ्र फेस, हातात वस्तरा, आणि गेलो फाटकात. "कोण परत द्यायचा नाही?"

अहो, काय ते दृश्य! नानवाला खाली बसला. मागून गल्लीतून आपा येत होती, ऊर बडवत, गळा काढून, आणि अंगावर दुखवट्याचे निळे कपडे. एवढ्या लवकर निळे कपडे? उशाशीच ठेवले होते वाटतं! मला बघितलं, थांबली. आणि आनंद होईल की नाही बहिणीला? कपाळाला आठ्या घालून म्हणते, "मग मेलं कोण?"

मी ओरडलो, "तार! तार मेली!"

सगळे हसले. बाकांवर बसले, हसून हसून डोळे पुसायला लागले, सूनबाईंनी चहा आणला. आपा तेवढी हसली नाही. आणि मग, दोन किटल्या संपल्यावर, गल्लीच्या तोंडाशी आला एर्गाश. मामासोलीनं निघतानाच त्याला निरोप धाडला होता. खांद्यावर फावडं, बुटांना ओली माती. हसणं हळूहळू थांबलं. तो घाम पुसत मामासोलीला म्हणाला, "अर्धी झाली. उंची विचारायला आलो होतो..." आणि मला बघितलं. घाबरला नाही, काही नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "बरं झालं, भेटलात ते."

मामासोली म्हणतो, "बुजवून टाक, बुजवून टाक."

"खणलेली नुसती बुजवत नसतात," एर्गाश म्हणाला. "ती मग दुसऱ्या कोणाला तरी मागते. पुरी करतो आणि फळ्या टाकून ठेवतो. जागा झकास निघालीय, आका. तुतीखाली, वहिनींच्या अगदी शेजारी."

आपा माझ्या कानाशी आली. "अंथरूण," म्हणाली. "घातलं बघ."

झिलोलानं ऐकलं. तिची बोटं माझ्या सदऱ्यात रुतली, आणि ती बोटं, तुम्हाला सांगतो, मुळीच मऊ राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सालोमतबाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, ही कसली सवय? पोर झोपेत दचकते. उठून माझ्या नाकाशी हात धरून बघते. उद्या मी खरंच गेलो, आणि म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा, तर ही जन्मभर म्हणेल, मी चुकले म्हणून बोबो गेला! नको मला हा रियाज."

बाईंनी नवी तार लावली, सूर बघितला. मग म्हणाल्या, "कशाला तरी बांधा म्हटलं होतं. कशाला बांधली ते माझ्याकडे बघू नका. गाठ सोडायची तर तुम्हीच सोडायची."

"आणि गाठ सोडल्यावर सवय राहील?"

"ते सोडल्यावरच कळतं," बाई म्हणाल्या. "परीक्षा जवळ आलीय, तेवढं लक्षात ठेवा."

ह्याला म्हणतात मदत!

आलो घरी. दुपार कलली. म्हटलं, "झिलोला, दुतार खिळ्याला टांग. आज नुसता चहा." पोर पांढरी पडली. "बोबो, थोडंसं?" "मुळीच नाही. मी मरत नाही, तू बघ फक्त."

बसलो. तुम्हाला काय सांगू ती शांतता! तंदूर पेटला नाही. गाईचं दूध कोणी काढेना. समोरच्या खिडकीत मामासोली गोळी घेऊन उभा. फाटकाच्या फटीतून कोणीतरी गेल्याचा भास झाला, वाकून बघितलं तर एर्गाश, सहज चाललाय आपला! पोरीनं पियाल्यात घोटभर ओतला. मी प्यायलो. आणि प्यायल्यावर, काय सांगू, माझंच काळीज धडधडायला लागलं! डावा हात जड वाटतोय का? वाटतोय! मोहिदिलचाही डावाच होता! चहा कडू लागतोय का? कपाळाला घाम... भिंतीवरचा दुतार बघतोय माझ्याकडे, आणि कुठंतरी कोणीतरी उशीवर थापटतंय. तोंडाशी आलं होतं, "वाजव बाई, वाजव, थोडं तरी वाजव!" पण समोर पोरीचे डोळे. गिळला शब्द, चहाबरोबर. म्हटलं, मोहिदिल, न्यायचं तर ने, पण आत्ता नको गं. हिच्या डोळ्यांदेखत नको. आणखी घोट. आणखी एक. किटली उपडी केली.

"संपला?" ती म्हणाली.

"संपला."

"तुम्ही आहात?"

"आहे की."

तिनं बोट पुढं केलं आणि माझं नाक दाबून बघितलं. आणि मग हसली हो! किती दिवसांनी हसली! "नाही मेलात!" म्हणाली, आणि पळाली बाहेर मैत्रिणींकडे. मी तक्तपोसावर आडवाच झालो. सुटलो म्हटलं. गाठ सुटली!

आणि सुटली ती इतकी सुटली की दुसऱ्या दिवशी रियाज नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी चहाला बसलो, तर पियाला पुढं आला... काठोकाठ! प्या आणि निघा. "बोबो, जाऊ?" पुढं दुतारला परत सर्दी. सालोमतबाई आल्या, बोटं दाबली. "मऊ पडायला लागली," म्हणाल्या आणि आल्या तशा गेल्या. मी रडकुंडीला आलो, आपाकडे गेलो! म्हटलं, "आपा, काहीतरी नवीन स्वप्न बघ. पण जरा बेतानं." आपा म्हणाली, "तू तिच्यासमोर किटली पचवलीस. आता भीती चालायची नाही." मग दाराशी येऊन म्हणाली, "पण अंथरूण अजून घातलेलंच आहे हं." कशाला गेलो तिच्याकडे!

म्हटलं, गेली सवय. गेली परीक्षा. मोहिदिलचा दुतार राहिला खिळ्यावर.

आणि एका दुपारी असाच बसलोय. पोर शेजारी गणितं करतीय. टक टक आवाज येतोय. बघतो तर तिचा डावा हात गुडघ्यावर चाललाय, बोटं पडतायत, तीच, त्या तुकड्याची, तो मधला थांबा सुद्धा! थोड्या वेळानं तिनं पेन्सिल टाकली. म्हटलं, "काय गं?" तर हात चोळत म्हणते, "काही नाही. ह्या वेळेला हात शिवशिवतात." उठली, खिळ्यावरून दुतार काढला. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, डोळे मिटले आणि सुरू केलं. तोच तुकडा. आणि तो रडका नव्हता हो! एवढे दिवस ती मला राखत होती, म्हणून तसा वाजत होता. डोळे मिटून ऐकलं तर मोहिदिलच बसलीय समोर, चहा होईस्तोवर. रडलो मी. आता फेस नव्हता, खोटं कशाला बोलू. पलीकडे तंदूर पेटला. मामासोलीनं गोळी घेतली.

परीक्षा झाली, नाव राहिलं, सालोमतबाईंनी बोटं दाबली आणि काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे समजा केवढं कौतुक! सगळं छान झालं. मग मी रडतोय कशाला? सांगतो! आता ती रोज बसते, डोळे मिटून, आणि माझ्याकडे बघतच नाही! माझा पियाला रिकामा! "झिलोला, चहा." ऐकूच जात नाही. खोकून बघितलं. परवा तर मुद्दाम छातीवर हात धरून "आई गं!" केलं. पूर्वी असती तर पांढरी पडली असती. आता डोळे न उघडता म्हणते, "बोबो, जरा थांबा, एवढी जागा वाजवून होऊ दे."

थांबा म्हणे! अहो, म्हणजे मी खरंच गेलो, तर पोरीला तुकडा पुरा झाल्यावर कळणार. आणि मोहल्ल्याला? मोहल्ल्याला तर कळणारच नाही, दुतार चालूच असणार! सगळे आपले म्हणणार, वाजतंय ना, मग तोजिबोय आहे. एकट्या एर्गाशला तेवढं कळेल... तो विचारतोच आहे रोज.

चला, उठतो. वेळ झाली. बसली असेल ती. चहा हल्ली माझा मीच ओतून घेतो. थोडा. पण रोज.